बंड्याचं लंघन : पावसाळी सर्दीचं एक प्रकरण

बंड्या सात वर्षांचा बोका. नसबंदी झालेला, अंगानं भरलेला, खाण्यात कधी खोड न काढणारा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात माणसं चार : मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. गेल्या जुलैत बंड्याला सर्दी झाली आणि त्या साध्या सर्दीत तो आमच्या हातून जाता जाता राहिला. ती हकिकत तारीखवार नोंदींसह इथे मांडते आहे. पावसाळ्यात मांजर शिंकायला लागलं की लोक शिंका मोजत बसतात. आम्हीही तेच केलं. मोजायचं होतं जेवण.

सुरुवात बंड्यापासून झाली नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून येताना मुलीला एका रिक्षाखाली भिजलेलं पिल्लू सापडलं. दोन महिन्यांचं असेल. डोळे पिवळ्या चिपडानं चिकटलेले, नाक वाहतं, आवाज बसलेला. ‘आई, मी याला ठेवतो’ म्हणत ती त्याला दप्तराच्या पिशवीत घालून घेऊन आली. कोमट पाण्याच्या कापसानं डोळे पुसले, टॉवेलात गुंडाळलं, चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवलं. पिल्लाचं नाव चिमी. आठवड्याभरात चिमी ठणठणीत झाली आणि घरभर उड्या मारायला लागली. बंड्यानं दोन दिवस फिस्कारून पाहिलं आणि मग तिला आपल्या ताटलीत तोंड घालू दिलं. आम्हाला त्याचं केवढं कौतुक वाटलं! फोटो काढून नातेवाइकांना पाठवले.

त्या फोटोत आज मला फक्त ताटली दिसते. दोघांची एकच.

मांजरांची ही सर्दी, जिला सगळे ‘कॅट फ्लू’ म्हणतात, बहुतेक वेळा दोन विषाणूंमुळे होते : मांजरांचा हर्पिस विषाणू आणि कॅलिसी विषाणू. माणसाला यांची बाधा होत नाही, पण एका मांजराकडून दुसऱ्याकडे ते लाळेतून, शेंबडातून, भांड्यातून, आपल्या हाता-कपड्यांवरून सहज जातात. बाधा झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवसांपासून दीड-दोन आठवडे लागू शकतात. हर्पिस एकदा शरीरात शिरला की जन्मभर मज्जातंतूंमध्ये दडून राहतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. कॅलिसी बरं झालेल्या मांजराकडूनही कित्येक आठवडे बाहेर पडत असतो. म्हणजे चिमी बरी दिसत होती, तरी तिच्याकडून लागण होणं थांबलं नव्हतं. बाहेरून आणलेलं पिल्लू दोन आठवडे तरी वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यात ठेवायचं असतं, हे मला ऐकून माहीत होतं. पण बाहेर धो धो पाऊस, घर लहान आणि पिल्लू गारठलेलं. वेगळी खोली आणायची कुठून, असं वाटलं. न्हाणीघर होतं की. सुचलं नाही.

दुसरी चूक जुनी. बंड्याला 2018 मध्ये लहानपणी ट्रायकॅट लसीचे डोस झाले होते. वर्षानं द्यायचा बूस्टर ऑगस्ट 2019 मध्ये होता आणि त्या आठवड्यात कोल्हापूर महापुरात होतं. पुढच्या वर्षी लॉकडाऊन. त्यानंतर कार्ड कपाटात गेलं ते गेलंच. ही लस सर्दी पूर्णपणे अडवते असं नाही, पण आजार हलका ठेवते. घरातच राहणाऱ्या मांजराला कशाला हवी, असं आम्ही धरून चाललो होतो. आजार पिशवीतून घरात येतो, हे लक्षात आलं नाही.

सोमवार ते बुधवार

सोमवारी बंड्या शिंकला. एकदा, दोनदा, मग सलग सात वेळा. मुलीनं मोजल्या. पाऊस दोन दिवस उघडला नव्हता, भिंतींना ओल आली होती आणि घराघरांत एकच चौकशी चालली होती, बंधाऱ्याला किती फूट झालं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे आकडे कोल्हापुरात लहान पोरांनाही पाठ असतात. त्या गडबडीत बोक्याच्या शिंकेकडे कोण बघणार?

मंगळवारी त्याचा डावा डोळा अर्धा मिटलेला दिसला. घरात थेंबांची एक बाटली होती. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ आली होती, तेव्हा नवऱ्यासाठी आणलेली. मुदत संपलेली नव्हती, फोडलेली मात्र होती. मंगळवारी रात्री एकदा आणि बुधवारी दोनदा ते थेंब मी स्वतःच्या हातानं त्याच्या डोळ्यात घातले.

ताटली मात्र रिकामी होत होती. सकाळी ठेवलेलं दुपारी साफ, दुपारचं रात्री साफ. म्हणून आम्ही निर्धास्त. बुधवारी संध्याकाळी मुलगी म्हणाली, ‘आई, सगळं चिमीच खातीया. बंड्या नुसता हुंगतोय आणि मागं सरतोय.’ तेव्हा पोटात गोळा आला. शेवटचं त्यानं कधी खाल्लं होतं, हे चौघांपैकी एकालाही सांगता येईना.

सासूबाईंनी अंगाला हात लावून पाहिला. ‘ताप हाय. तापात पोट रिकामंच बरं असतंय. राहू दे एक-दोन दिवस लंघन.’ त्या काही वावगं बोलल्या नव्हत्या. आपल्याकडे ताप आला की लंघन हे पिढ्यान्पिढ्यांचं शहाणपण आहे, आणि माणसाला ते बऱ्याचदा मानवतंही. मलाही पटलं. रात्री त्यांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चमच्यात चुरून ठेवली, सकाळी दुधातून द्यायला.

म्हशीच्या डॉक्टरांचा फोन

गुरुवारी सकाळी मी भाऊजींना फोन केला. माझे दीर करवीर तालुक्यातल्या गावात असतात, गोठ्यात सहा म्हशी आहेत. त्यांचे जनावरांचे डॉक्टर नेमके तेव्हा गोठ्यातच होते. भाऊजींनी फोन त्यांच्याकडे दिला. मी शिंका सांगितल्या, डोळा सांगितला, थेंब सांगितले, सासूबाईंनी चुरून ठेवलेली गोळी सांगितली. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, ‘वहिनी, खाल्लं कधी?’

‘सोमवारी रात्री असावं,’ मी म्हटलं.

‘म्हैस एक वेळ वैरणीला तोंड लावत नसली, तर तुमचे दीर मला रात्री बाराला उठवतात. आणि मांजर अडीच दिवस उपाशी आहे, तर तुम्ही घरात बसलाय? मी मांजरं फार बघत नाही. शहरात बघणारे आहेत, आत्ताच्या आत्ता न्या. आणि ती तापाची गोळी अजिबात देऊ नका. एक गोळी मांजराचा जीव घेते.’

मी स्वयंपाकघरात धावले. चमचा ओट्यावरच होता. दूध तापत होतं.

पॅरासिटामॉल आपल्या यकृतात ज्या वाटेनं निकामी होतं, ती वाट मांजरात जवळजवळ नसतेच. औषधाचं विषारी रूप रक्तात साठतं, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. चुकून दिलं गेलंच, तर तासाभराची वाट न बघता दवाखाना गाठायचा. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

दवाखान्यात

पिंजरा आमच्याकडे नव्हता. भाजीचं प्लॅस्टिकचं क्रेट घेतलं, तळाला त्याच्या रोजच्या वासाचं गोधडीचं धडपं टाकलं, वर दुसरं क्रेट उलटं ठेवून सुतळीनं आवळलं आणि त्यावर टॉवेल. अंधार असला की मांजर दंगा कमी करतं. भर पावसात रिक्षावाल्या मामांनी पडदे सोडून, खड्डे चुकवत नेलं. एरवी रिक्षात गळा काढणारा बंड्या त्या दिवशी एकदाही ओरडला नाही. त्या गप्प राहण्याची मला जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी आधी वजन केलं. 4 किलो 900 ग्रॅम. मार्चमध्ये जंताचं औषध दिलं तेव्हा 5.4 होतं. ताप 103.8 (मांजराचं नेहमीचं तापमान साधारण 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं, म्हणून हाताला गरम लागलं म्हणजे ताप, हा हिशेब चुकतो). मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सरळ व्हायला वेळ लागला, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. तोंड उघडून दाखवलं. जिभेच्या कडेला मसुराएवढे दोन लालभडक व्रण. इतके दिवस मी त्या तोंडासमोर ताटली सरकवत होते.

मग डोळ्यात रंगाची पट्टी टेकवून निळा उजेड पाडला. बुबुळावर हिरवी, फांद्या फुटल्यासारखी बारीक रेघ चमकली. ‘हा व्रण आहे. घरी काही घातलं होतं का?’ मी पर्समधून बाटली काढली. त्यांनी लेबल वाचलं आणि अँटिबायोटिकच्या नावापुढच्या नावावर बोट ठेवलं. ते स्टेरॉईड होतं. स्टेरॉईडनं डोळ्याची लाली लगेच कमी दिसते, पण हर्पिसच्या व्रणाला ते खतपाणीच घालतं, आणि डोळा गेला तरी कळत नाही. तीन थेंबांवर थांबलो, हे नशीब.

जिभेचे व्रण कॅलिसीकडे बोट दाखवत होते आणि डोळ्याची रेघ हर्पिसकडे. दोन्ही एकदम असू शकतात. नमुना तपासायला बाहेर पाठवता येतो, पण उपचार फारसा बदलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तो खर्च वाचवला. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मात्र ताप, पिवळा शेंबूड आणि खाणं बंद, अशी अवस्था असेल तर वर चढलेल्या जिवाणूंसाठी ते द्यावं लागतं. म्हणून डॉक्सीसायक्लिन. डोळ्यासाठी वेगळे थेंब आणि हर्पिससाठी फॅमसायक्लोविर. इथे त्यांनी बजावून सांगितलं, की माणसांच्या नागिणीवर देतात ती असायक्लोविरची गोळी घरात असेल तर ‘तेच औषध’ समजून मांजराला कधीही देऊ नका. पोटातून ती त्यांना विषारी आहे.

पाठीच्या कातडीखाली सलाईन सोडलं. खांद्यावर लिंबाएवढी, मग मोसंबीएवढी पाण्याची गादी फुगली आणि घरी येईपर्यंत ती ओघळून पुढच्या पायापर्यंत उतरली. मुलगी घाबरली. ती गादी संध्याकाळपर्यंत अंगात जिरली.

लंघनाचा विषय मी काढला. डॉक्टर हसले नाहीत, खुर्ची ओढून बसले. मांजराला जेवणाची इच्छा वासानं होते. नाक चोंदलं की त्याच्यासाठी ताटलीत काहीच नसतं. त्यात जिभेला व्रण, म्हणजे खाल्लं तरी आग. आणि मांजर, त्यातही जाडजूड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीर अंगावरची चरबी मोडून यकृताकडे धाडायला लागतं. मांजराच्या यकृताला एवढी चरबी निपटत नाही. ती तिथेच साठते, यकृत बंद पडत जातं, कावीळ होते, मळमळीनं भूक आणखी मरते. सर्दी बरी झालेली असते आणि मांजर उपासानं जातं. ‘सर्दीनं मेलं’ असं आपण सांगत फिरतो.

भरवणं

दिवसाला साधारण 230 कॅलरी पोटात जायला हव्या होत्या. पण उपाशी पोटावर एकदम नाही : पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. अठ्ठेचाळीस तासांत स्वतःहून खाल्लं नाही, तर नाकातून नळी घालायची, असं ठरवून आम्ही घरी आलो.

पिल्लांचं पाकिटातलं ओलं खाणं मिक्सरमधून काढायचं, कोमट पाण्यानं सैल करायचं, चहाच्या गाळणीतून गाळायचं आणि सुई काढलेल्या सिरिंजमध्ये ओढायचं. बंड्याला टॉवेलात बोचक्यासारखं गुंडाळून मांडीवर घ्यायचं, तोंड आपल्याकडे नाही, समोर. ओठाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागच्या फटीत सिरिंजचं टोक सरकवायचं आणि अर्धा मिली सोडायचं. थांबायचं. गिळल्याचं गळ्यावर दिसलं की पुढचं. मान वर करायची नाही आणि समोरून पिचकारी मारायची नाही, खाणं श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. पहिले पंधरा मिली द्यायला मला चाळीस मिनिटं लागली. अर्धं टॉवेलावर, थोडं माझ्या कानावर, बाकीचं पोटात. तो माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होता, दुसरा मिटलेला. हात थरथरत होते, पण दर घोटाला मुलगी ‘गेलं, गेलं’ म्हणायची.

नोंद कुठे ठेवायची? सासूबाईंच्या कालनिर्णयवर. त्या रोजचं दूध त्यावर लिहितात, सिलिंडरची तारीखही. गुरुवारच्या चौकोनात त्यांनी स्वतः लिहिलं : ‘दूध 1 ली. बं. 75.’

डॉक्सीसायक्लिनची गोळी घशात कोरडी अडकली तर अन्ननलिकेला जखम होते आणि ती कायमची आक्रसू शकते. त्यामुळे गोळीनंतर लगेच सिरिंजनं पाच-सहा मिली पाणी. हे सांगितलं नसतं तर मी गोळी घशात ढकलून विजयी मुद्रेनं उठले असते.

नाक मोकळं करायला वाफ. सासूबाईंनी सवयीनं निलगिरीची बाटली काढली होती, ती परत ठेवली. निलगिरी, कापूर, छातीला चोळायचे बाम, यातलं काहीच मांजराला चालत नाही. तो अंग चाटतो आणि सगळं पोटात जातं. साधं गरम पाणी पुरतं. आमच्याकडे गॅस गीझर आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते : बंद न्हाणीघरात गीझर चालू ठेवून बसायचं नाही, त्या विषारी वायूनं माणसं दगावतात. आधी दोन बादल्या कढत पाणी भरून घ्यायचं, गीझर बंद करायचा, मगच बंड्याला घेऊन दार लावायचं. दिवसातून तीनदा, दहा-बारा मिनिटं. त्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याचा कापूस नाकावर ठेवला की वाळलेल्या खपल्या सुटायच्या आणि लगेच पुढचं खाणं समोर धरायचं. वाफेनंतरची ती पंधरा मिनिटं सर्वात मोलाची.

अंगात ताकद यावी म्हणून नवऱ्यानं मटणाची अळणी द्यायचं सुचवलं. कोल्हापुरात आजारी माणसाला अळणीचा वाटा पहिला. पण आपल्या अळणीत कांदा-लसूण असतोच, आणि कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पांढऱ्या-तांबड्या रश्श्याचं तर नावच नको. त्याऐवजी नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडीची कलेजी.

शनिवारी पहाटे पाऊस थोडा थांबला होता. वाफ झाली होती. सासूबाईंनी जवळ्याची सुकट दोन पाण्यातून धुऊन, तव्यावर कोरडी भाजून, चिमूटभर चुरून कोमट कलेजीवर टाकली होती. वासासाठी. बंड्याचं नाक हललं. आधी डावी नाकपुडी, मग दोन्ही. त्यानं मान पुढे केली, सासूबाईंच्या बोटाला लागलेला चुरा चाटला, जीभ आत घेतली, थांबला, आणि पुन्हा चाटला. कुणी काही बोललं नाही. पाच मिनिटांत चमचाभर कलेजी संपली. त्या दिवशी दुपारच्या भेटीत नळी घालावी लागली नाही. ताप 102.1.

पुढचे आठवडे

सिरिंज अजून चार दिवस चालू राहिली, कमी कमी करत. सातव्या दिवशी डोळ्यातली हिरवी रेघ निम्मी झाली, एकविसाव्या दिवशी गेली. बुबुळावर धुक्यासारखा एक ठिपका राहिला आहे, तिरप्या उजेडात दिसतो. तो माझ्यामुळे आहे.

घरातलं फिनेल बंद केलं. पावसाळ्यात दोन वेळा फरशी पुसायची आमची पद्धत होती. त्यातली फिनॉलजातीची द्रव्यं मांजराच्या पंजातून, चाटण्यातून पोटात जातात. आणि कॅलिसी नेहमीच्या साबणानं मरत नाही, कोरड्या जागी आठवडेच्या आठवडे टिकतो. त्यामुळे ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे बत्तीस भाग, दहा मिनिटं ठेवून मग साध्या पाण्यानं पुसणं. तोपर्यंत दोन्ही मांजरं दुसऱ्या खोलीत.

सर्दीसाठी लायसिनची पावडर द्या, असं मला तिघांनी सांगितलं होतं. तिचा उपयोग अभ्यासांत दिसलेला नाही. आम्ही दिली नाही.

चिमीचे डोस सुरू झाले. आता दोन ताटल्या आहेत, दोन वेगळ्या कोपऱ्यांत, आणि दोघं खाताना कुणीतरी समोर बसतं.

दिवाळीत पाहुणे, फटाके. भाऊबीजेच्या सकाळी बंड्या पुन्हा शिंकला, डोळा ओलसर. दडलेला हर्पिस ताणात वर येतो तो असा. मी ऑफिसला निघाले होते. सासूबाई कालनिर्णयसमोर चष्मा लावून उभ्या होत्या.

‘काल रात्री नवाला खाल्लंय त्यानं,’ त्या म्हणाल्या. ‘आता नऊ वाजलं. सकाळचं निम्मं ठेवलंय. दुपारी दोनपातूर बघतो, न्हाईतर मीच रिक्षा बोलवतो. क्रेट कुठं ठेवलंयस?’